प्रवेशाचे वतन

दहावीचा निकाल लागला की ठाण्यापासून कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथपर्यंतच्या आपल्या वस्त्यांत दोन शब्द घरोघरी ऐकू येतात. एक 'कट ऑफ' आणि दुसरा 'कोटा'. यातला दुसरा शब्द आपल्याच पोरांच्या कपाळी चिकटवला जातो. लोकल गाडीत, नाक्यावर, कॉलेजच्या रांगेत कुणीतरी बोलतोच की यांना काय, यांचा कोटा आहे. पण कोटा फक्त आपलाच आहे काय? अकरावी प्रवेशाची नियमावली उघडून बघा. २०२५ च्या नियमांप्रमाणे १० टक्के जागा 'इनहाऊस' कोट्याच्या, म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेत शिकलेल्या मुलांच्या. ५ टक्के जागा व्यवस्थापनाच्या. या जागांवर बसलेल्या मुलाला कोट्यातला म्हणून कुणी हिणवत नाही. तो गुणवंतच ठरतो.

यापलीकडे आणखी एक कोटा आहे. त्याला टक्केवारी नाही आणि तो कुठल्या तक्त्यात छापलेला नाही. बालवर्गाच्या किंवा कॉलेजच्या अर्जात एक साधा रकाना असतो. आई-वडिलांपैकी कुणी या संस्थेचे माजी विद्यार्थी आहेत काय? ज्याचा बाप तिथे शिकला तो अभिमानाने 'होय' लिहितो. ज्याचा बाप रेल्वे यार्डात, कंपनीत नाही तर नाक्यावर राबला, तो 'नाही' लिहितो. अमेरिकेत या प्रकाराला 'लेगसी' म्हणतात. आपल्या गावगाड्यात त्याला फार जुना शब्द आहे. वतन. बापाचे ते मुलाचे, मुलाचे ते नातवाचे. फरक इतकाच की हे वतन जमिनीचे नाही, प्रवेशाचे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण दर १४ एप्रिलला सांगतो. सत्याग्रह, परिषदा, राज्यघटना, धम्मदीक्षा असे टप्पे आपल्याला पाठ आहेत. परंतु हे चरित्र दुसऱ्या अंगानेही वाचता येते. बाबासाहेबांच्या आयुष्यात एकामागून एक शिक्षणाची दारे आली. प्रत्येक दारावर कोण उभे होते, आत जायला काय दाखवावे लागले आणि मागे घराण्याचे नाव नसताना ते आत कसे गेले, हे तपासले तर प्रवेशाच्या प्रश्नावर आजही उपयोगी पडेल असे बरेच काही हाती लागते.

आधी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. बाबासाहेबांच्या घरात विद्या नव्हती असे नाही. आजोबा मालोजी लष्करात होते. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्कराच्या शाळेत शिक्षक होते आणि मुख्याध्यापकपदापर्यंत पोहोचले होते. पलटणीत शिपायांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते, म्हणून या घरातल्या बायकांनाही अक्षरओळख होती. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मलेल्या भीमरावांना वडिलांकडून इंग्रजी, गणित, वाचनाची शिस्त आणि कबीरपंथी संस्कार मिळाले. पुढे मुंबईत मुलाला पुस्तक हवे असले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडून दागिने मागून आणत आणि ते गहाण ठेवून पुस्तक विकत घेत. घराण्याने मुलाला द्यावे ते हे. अभ्यास, पुस्तक, दिव्याखालची जागा, पहाटे उठवणारा बाप. पण रामजींना एक गोष्ट मात्र देता येत नव्हती, ती म्हणजे शाळेतली जागा. लष्करातला अनुभव आणि सुभेदारी हुद्दा छावणीच्या फाटकाबाहेर पडला की शून्य होत होता. तिथे एकच विचारले जाई. जात कोणती?

सरकारी शाळेचे दार तरी उघडे होते ते कसे, याचाही इतिहास आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. त्याला तो नाकारण्यात आला. मुंबई सरकारने बहुसंख्यांची नाराजी नको म्हणून त्याच्या बाजूने निर्णय दिला नाही. प्रकरण वर गेले आणि १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी स्पष्ट केले की सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या राहतील. त्या मुलाचे नाव आज कुणाला ठाऊक नाही. त्याला स्वतःला त्याचा काय लाभ झाला तेही इतिहासात दिसत नाही. पण पुढे बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे अस्पृश्यांच्या शिक्षणाची कैफियत मांडली, तेव्हा या धारवाडच्या प्रकरणाची नोंद त्यांनी आवर्जून घेतली. ज्या दारातून आपण आत आलो ते कुणाच्या अर्जामुळे किलकिले झाले, हे ते विसरले नाहीत.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये पहिल्या इंग्रजी इयत्तेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. आज ही शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि हा दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. नाव हजेरीपटावर आले, पण जागा वेगळी राहिली. बसायला घरून आणलेले गोणपाट, पाणी प्यायचे तर शिपाई असेल तेव्हाच. म्हणजे नियमाने प्रवेश दिला आणि रूढीने तो अर्धा काढून घेतला. आपल्या मुलांना आजही हा अनुभव नवा नाही. यादीत नाव लागणे वेगळे आणि वर्गात सामावून घेतले जाणे वेगळे.

पुढे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत राहायला आले आणि भीमरावांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घालण्यात आले. हीदेखील सरकारी शाळा. इथे संस्कृत शिकायची इच्छा असूनही त्यांना ते मिळाले नाही, फारसी घ्यावी लागली. ज्या भाषेवर काही घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हक्क सांगितला होता, त्या भाषेच्या वर्गात सरकारी शाळेतही दुसऱ्याला प्रवेश नव्हता. प्रवेशाचे वतन म्हणतात ते हेच. ते लिहून ठेवावे लागत नाही. शिक्षकाच्या मनात ते आधीच लिहिलेले असते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आजच्या कट ऑफच्या हिशेबाने बघाल तर हा आकडा कुठल्याच नामांकित कॉलेजच्या यादीत बसणार नाही. गुणपत्रिका म्हणजेच माणसाची सगळी पात्रता, असे समजणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. सत्यशोधक विचारांचे सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. तिथे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाच्या हाती दिले. केळुसकर आणि भीमराव यांचे काही नाते नव्हते. बागेत एकटाच पुस्तक वाचत बसणारा मुलगा त्यांनी पाहिला होता, इतकीच ओळख. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

इथे कुणी म्हणेल की हादेखील वशिलाच झाला. वकील म्हणून मी याचे उत्तर देतो. वशिला म्हणजे ज्याची पात्रता बघितली नाही त्याच्यासाठी नात्याने किंवा ओळखीने शब्द टाकणे. केळुसकरांनी मुलाचा बाप कोण ते बघितले नाही, मुलगा काय वाचतो ते बघितले. महाराजांनी त्याला बोलावून प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि मग मदत दिली. त्या मदतीला अटी होत्या आणि पुढे तर रीतसर करारही झाला. एका बाजूला मुलगा बघून दिलेला हात आहे आणि दुसऱ्या बाजूला बाप बघून दिलेली जागा आहे. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

१९०८ मध्ये भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. प्रा. मुल्लर यांच्यासारख्या शिक्षकाने पुस्तके दिली, कपडे दिले. त्याच कॉलेजात त्यांना बाहेर पाणी मिळायची मारामार होती. इंग्रजी आणि फारसी हे विषय घेऊन बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. २ फेब्रुवारीला वडील गेले. मुलाच्या शिक्षणासाठी दागिने गहाण टाकणारा बाप त्याची पुढची झेप पाहायला राहिला नाही. ४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानाशी करार झाला. परदेशी शिक्षणाचा खर्च संस्थान करील आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची चाकरी करावी लागेल. त्याच जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून दाखल झाले.

या दारावर प्रथमच जात विचारली गेली नाही. प्रा. सेलिग्मन, प्रा. ड्युई, प्रा. गोल्डनवायझर यांच्या वर्गांत ते बसले. घराण्यातला एकही माणूस त्या विद्यापीठाचा माजी विद्यार्थी नव्हता. समुद्र ओलांडणारादेखील कुणी नव्हता. १९१५ मध्ये एम. ए. झाले, १९१६ पर्यंत पीएच. डी.चा प्रबंध लिहून झाला. १९५२ साली याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. कोलंबियाचे नाव आपण आदराने घेतो आणि घेतलेच पाहिजे.

मात्र बाबासाहेब तिथून निघाल्यानंतर काय घडले तेही आपल्या लोकांना माहीत हवे. न्यूयॉर्कमध्ये पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांची मुले परीक्षेत भराभर पुढे येऊ लागली. कोलंबियाच्या पदवी कॉलेजात त्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर गेले. पहिल्या महायुद्धानंतर प्रवेशाची पद्धत बदलण्यात आली. अर्जात धर्म, वडिलांचे जन्मस्थान असले प्रश्न आले, 'चारित्र्य' आणि 'पार्श्वभूमी' बघितली जाऊ लागली. दोन-चार वर्षांत ते प्रमाण सुमारे २२ टक्क्यांवर आले. परीक्षेत हरवता येईना म्हणून अर्जाचा कागदच बदलला! याच काळात १९२२ साली डार्टमथ कॉलेजने निवडीची नवी पद्धत आणली आणि तीत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना उघड प्राधान्य दिले. येल विद्यापीठानेही १९२५ मध्ये तोच मार्ग धरला. म्हणजे 'लेगसी' ही काही प्राचीन परंपरा नाही. खालचे लोक वर येऊ लागले तेव्हा वरच्यांनी घातलेले ते कुंपण आहे. मनूचा कायदा ज्यांनी वाचला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

बाबासाहेबांचा पुढचा मुक्काम लंडन. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे दाखल झाले. इथेही सोबत होते ते प्रा. सेलिग्मन यांचे पत्र, म्हणजे शिकवलेल्या गुरूचा दाखला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. करारानुसार बडोद्याला गेले तर राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातून अपमान करून बाहेर काढले. पदव्या आहेत, पण कुळाचा दाखला नाही, अशा माणसाला या देशाने दिलेली ती पावती होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी साह्य केले, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२३ मध्ये डी. एस्सी. आणि बॅरिस्टरीही पूर्ण. ज्याच्या मागे घराण्याचे नाव असते त्याला दार एकदा उघडले की ते उघडेच राहते. बाबासाहेबांना मात्र प्रत्येक दार दोनदा उघडावे लागले.

आता खरा प्रश्न. इतके सोसून जो माणूस आत गेला, त्याने आत गेल्यावर काय केले? आपल्या माणसांसाठी नवे वतन निर्माण केले काय?

नाही. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ च्या सुरुवातीला सोलापूरला वसतिगृह सुरू केले. आधी राहायची सोय, मग शाळा. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. १८७४ च्या वंशपरंपरागत कामांच्या कायद्यात दुरुस्ती करावी अशी मागणी होती. या गोष्टीकडे नीट लक्ष द्या. वतन हा महारांचा पिढीजात हक्क होता. तुकडाभर जमीन आणि बलुत्याच्या बदल्यात गावाची आणि सरकारची रात्रंदिवस चाकरी. आपल्यातल्याच कितीतरी लोकांना तो हक्क सोडवत नव्हता. बापाने दिलेले का टाकायचे, असे त्यांना वाटे. बाबासाहेबांनी त्यांना समजावले की जन्माने मिळणारा हक्क हा जन्माचा दोर आहे. एकाला तो खुर्चीशी बांधतो, दुसऱ्याला वेशीशी. ते विधेयक १९२९ मध्ये मागे घ्यावे लागले. पण त्यांनी विषय सोडला नाही. १९३७ मध्ये कोकणातली वंशपरंपरागत खोती रद्द करण्यासाठी दुसरे विधेयक आणले. खोती १९४९ च्या कायद्याने संपली, महार वतन १९५८ च्या कायद्याने. ते पाहायला बाबासाहेब राहिले नव्हते. ज्याने दुसऱ्याचे वतन मोडण्याआधी आपल्याच माणसांचे वतन मोडायला घेतले, अशी माणसे इतिहासात किती आहेत?

१ जून १९३५ रोजी ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ज्याला वर्गाबाहेर बसवले होते तो कॉलेजच्या सर्वोच्च खुर्चीवर बसला. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. बडोद्याच्या राजाने एका मुलासाठी केले ते सरकारच्या तिजोरीतून अनेकांसाठी व्हावे, हा त्यामागचा विचार. राजाची मेहेरबानी त्यांनी नागरिकाच्या हक्कात बदलली.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले आणि १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय. सिद्धार्थचे दार सर्व जातिधर्मांच्या मुलांना खुले होते. वर्ग सकाळी भरत, कारण दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे. कल्याण-अंबरनाथच्या बाजूने पहाटेची लोकल पकडून व्ही. टी.ला उतरायचे, फोर्टात कॉलेज करायचे आणि तिथूनच कामावर जायचे, असे दिवस काढलेली कितीतरी माणसे आपल्या भागात झाली. त्यांच्यामागे कुठले घराणे होते? घड्याळाचा काटा हलवून बाबासाहेबांनी त्यांना प्रवेश दिला. वेळापत्रक हीसुद्धा प्रवेशाची अट असते, हे त्यांना कळत होते.

आता राज्यघटना. कलम १५ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई करते. सरकारी किंवा अनुदानित संस्थेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा यांवरून प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम २९ सांगते. सरकारी नोकरीसंबंधीच्या कलम १६ मध्ये मात्र आणखी एक शब्द आहे. कूळ. म्हणजे अमक्याचा मुलगा म्हणून सरकारी पद देता येत नाही. याच शब्दाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली आंध्रातील एका प्रकरणात गावकामगाराचे पद वारसाहक्काने देण्याची तरतूद घटनाबाह्य ठरवली. वतनाच्या कल्पनेलाच तो तडाखा होता. पण शिक्षणातील प्रवेशाच्या कलमांत 'कूळ' हा शब्द नाही. पद बापाकडून मुलाकडे जाणार नाही असे घटना स्पष्ट म्हणते. ते पद ज्या पदवीवर मिळते तिच्यासाठीची जागा जाणार नाही, असे त्याच शब्दांत म्हणत नाही. सरकारी संस्थेने असे केले तर कलम १४ च्या समतेच्या आधारे त्याला आव्हान देता येते. खासगी संस्थेचे काय? फट तिथेच आहे. बाबासाहेब कायदामंत्री असताना १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले, तेही मद्रासच्या कॉलेजप्रवेशाच्या खटल्यामुळेच. प्रवेशाचे दार हे लढाईचे मैदान आहे, हे तेव्हापासून सिद्ध आहे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर महाराष्ट्रात शिक्षणसम्राटांचे राज्य आले. डोनेशन बोकाळले म्हणून १९८७ मध्ये कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. २००५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित खासगी संस्थांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही, असे म्हटले. त्याच निकालात अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागांना मर्यादित वाव ठेवला गेला. त्यावर ९३वी घटनादुरुस्ती होऊन कलम १५(५) आले. २०१० मध्ये शिक्षणहक्क कायदा अमलात आला. त्याच्या कलम १३ ने प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची मुलाखत-चाळणी बंद केली. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड ठेवला. पालकांच्या शिक्षणावरून मुलाची वर्गवारी करू नये, असे केंद्राच्या नोव्हेंबर २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. मग आई-वडील कुठल्या शाळेचे माजी विद्यार्थी, हा रकाना अर्जात कशाला?

आपल्या भागात ही साखळी कशी चालते ते बघा. बालवर्गात प्रवेश मिळताना घराण्याची ओळख उपयोगी पडते. तिथून मूल त्याच संस्थेच्या शाळेत वर सरकते. दहावीनंतर 'इनहाऊस' कोट्यातून त्याच संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात जाते. वयाच्या तिसऱ्या वर्षी मिळालेली जागा सोळाव्या वर्षी कामी येते. कोळसेवाडीतल्या महापालिका शाळेत शिकून ८८ टक्के मिळवलेली मुलगी बाहेर रांगेत उभी राहते आणि तिच्याहून कमी गुणांचा मुलगा आतल्या दाराने गेलेला असतो. नियम मोडलेला नसतो. नियमच तसा असतो. अमेरिकेतही वेगळे नाही. २९ जून २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात वंशाचा विचार करून प्रवेश देण्याची पद्धत मोडीत काढली, म्हणजे काळ्यांच्या मदतीचा हात काढून घेतला. त्याच खटल्यात पुढे आलेल्या आकडेवारीनुसार माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश निवडले जात आणि इतरांपैकी सुमारे ६ टक्के. ते प्राधान्य मात्र न्यायालयाने रद्द केले नाही. तरी जॉन्स हॉपकिन्स आणि अ‍ॅमहर्स्ट यांनी ते स्वतःहून सोडले. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये खासगी कॉलेजांनाही ते बंद करणारा कायदा केला. म्हणजे हे वतन मोडता येते.

शेवटी आपल्याच घरात डोकावू. आज आपल्या समाजात शिकलेली दुसरी-तिसरी पिढी आहे. डॉक्टर, इंजिनीअर, प्राध्यापक, वकील आहेत. ठाण्या-डोंबिवलीच्या सोसायट्यांत राहणाऱ्या आपल्यापैकी काहींच्या मुलांना तो 'माजी विद्यार्थी' रकाना आता लाभाचा ठरू शकतो. आपल्या संस्थांमध्येही कार्यकर्त्याच्या मुलाला, संचालकाच्या पुतण्याला आधी घ्या, अशी कुजबुज ऐकू येते. इतकी वर्षे त्यांनी खाल्ले, आता आपण का नाही, असा युक्तिवाद होतो. वतन सोडायला तयार नसलेल्या त्या जुन्या वतनदारांचाही युक्तिवाद हाच होता. आरक्षण आणि वारसा यांत फरक आहे. पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवलेल्यांना आत घेण्यासाठी आरक्षण आहे. आधीच आत असलेल्यांना कायम आत ठेवण्यासाठी वारसा आहे. ज्या दिवशी आपण दुसऱ्याची मागणी करू, त्या दिवशी पहिल्याच्या बाजूने बोलायचा नैतिक अधिकार गमावू.

म्हणून समाजबांधवांना विनंती आहे. प्रवेशअर्जाची छायाप्रत जपून ठेवा. त्यात पालकांच्या माजी विद्यार्थी असण्याचा रकाना असेल तर त्याचा प्रवेशाशी संबंध काय, हे लेखी विचारा. अनुदानित संस्थेकडे माहितीच्या अधिकारात इनहाऊस आणि व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशांची गुणांसह यादी मागा. विनाअनुदानित संस्था असेल तर शिक्षण उपसंचालकांच्या मुंबई विभागाकडे अर्ज करा, ठाणे जिल्हा त्याच विभागात येतो. प्राथमिक प्रवेशात मुलाखत घेतली तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे कलम १३ खाली तक्रार करा. विहारात, बुद्धजयंतीच्या मंडळात निकालाच्या आधीच मार्गदर्शन शिबिरे घ्या. पुस्तक घेऊन द्या, अभ्यासिका चालवा, पहाटे मुलाला उठवा. रामजींनी हेच केले होते.

आपल्या नावाने कुणाला जागा मिळावी, असे बाबासाहेबांनी कुठे लिहून ठेवलेले नाही. त्यांनी दार उघडून ठेवले आणि ते सगळ्यांसाठी ठेवले. आपल्या मुलाबरोबर शेजारच्या हमालाचे मूलही त्या दारातून आत जाईल याची काळजी आपण घेतली, तरच महामानवाला ते खरे अभिवादन ठरेल.